वडील घरीच असतात

मुलाखतीला कसं जायचं, हे मी रत्नागिरीत पोरांना शिकवतो. बँकेतून रिटायर झाल्यावर सुरू केलं, दर रविवारी, फुकट. नोकऱ्या किती जणांना लागल्या ते विचारू नका. किस्से मात्र विचाराल तितके आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यातले हसण्यासारखे कमीच होत चाललेत.

सुरुवातीला मी सांगायचो, उत्तर देण्याआधी दोन सेकंद थांबा, म्हणजे विचार करून बोलता असं दिसतं. राजापूरची मेघना एका शोरूममध्ये गेली. साहेबांनी नाव विचारलं. ही थांबली. साहेब म्हणाले, "आठवत नसेल तर पुढचा प्रश्न घेऊ."

*

"तुमच्यातला एक दोष सांगा," असं हल्ली सगळीकडे विचारतात. मी शिकवलं, "मला काम अर्धवट टाकवत नाही, असं म्हणा."

एका हॉटेलात माझे चौघे एकाच दिवशी गेले. चौघांनी तेच सांगितलं. चौथ्याला मॅनेजर म्हणाला, "तुम्हा रत्नागिरीकरांना काम अर्धवट टाकवत नाही ना? मग आमचा वरचा मजला तीन वर्षं का रखडलाय?" चौघेही परत आले.

*

सुदेश पूर्णगडचा, बीएस्सी झालेला. वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून ते अंथरुणावर. आईला एकटीला ते उचलवत नाहीत. सकाळ-संध्याकाळ सुदेशच उचलतो. म्हणून नोकरी हवी ती एसटीने रोज जाऊन-येऊन करता येईल अशीच.

एका कंपनीत त्याला विचारलं, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

हा म्हणाला, "घरीच, सर." तिथेच मुलाखत संपली.

*

मी त्याच्यावर जाम चिडलो. "शहाण्या, घरचं रडगाणं तिथे गायचं नाही. आणि साहेबांचं वाक्य कधी खोडायचं नाही." तो "बरं" म्हणाला. गुणी पोरगा, सांगितलेलं ऐकतो.

गेल्या महिन्यात एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्याची मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"घरीच असतात."

आपल्याकडे अंथरुणावरच्या माणसाबद्दलही असंच बोलतात. दुखणं कोण कशाला उच्चारतंय? साहेब मात्र खूश झाले. "म्हणजे रिटायर. छान, आईला सोबत आहे. तुम्ही अगदी मोकळे." सुदेशने वाक्य खोडलं नाही.

रविवारी तो पत्र घेऊन वर्गावर आला. निवड झाली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग पत्र वाचलं. पोस्टिंग गुजरातला होतं, आठ दिवसांत हजर व्हायचं. रत्नागिरीची जागा दुसऱ्या एका उमेदवाराला दिली म्हणे, त्याने घरची अडचण सांगितली होती.

मला माझीच लाज वाटली.

सुदेशने पत्राची घडी घातली, दोन सेकंद थांबला आणि म्हणाला, "सर, आता खोडू काय?"