सुनीतीबाईंनी पुसलेली परीक्षा

नवऱ्याच्या नोकरीपायी सुनीती सोमण कोलकात्यात आल्या, त्याला एकोणीस वर्षं झाली. न्यू टाउनमधल्या एका खासगी कॉलेजात त्या मार्केटिंग शिकवत. समोरच्या मुलांना बोलतं करण्यात त्यांचा हातखंडा होता. पण नोकरी करणाऱ्यांचा अभ्यासक्रम कॉलेजनं पूर्ण ऑनलाइन केला आणि बाईंसमोर उरल्या पडद्यावरच्या एकसष्ट काळ्या चौकटी, कॅमेरे बंद ठेवलेल्या विद्यार्थ्यांच्या. धडे चढवा, मुदती टाका, हजेरी तपासा. शिकवणं राहिलं बाजूला, बटणं दाबण्यातच दिवस सरायचा.

मार्चमधल्या चाचणीनंतर शंपा मंडल या विद्यार्थिनीचा फोन आला. ती बजबजच्या एका ताग गिरणीच्या ऑफिसात कामाला होती.

"मॅडम, सियालदहच्या गाडीत बसून पेपर देत होते. मध्येच नेटवर्क गेलं. परत उघडलं तर वेळ संपली. शून्य दाखवतंय."

"गाडीत कशाला दिलास?"

"सुट्टी नाही मिळाली, मॅडम."

बाईंनी तांत्रिक मदत विभागाला तक्रार लिहिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे.' उघडून पाहिलं, तर शून्य जागच्या जागी. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी मात्र बाईंचं डोकं फिरलं.

"मीच करते," त्या नवऱ्याला, हेमंतरावांना म्हणाल्या. "तिचा आधीचा पेपर पुसायचा की तिला पुन्हा बसता येतं. एवढंच तर आहे."

त्यांनी यादी उघडली, शंपाच्या नावापुढे खूण केली आणि 'पुसा' दाबलं. 'तुम्हाला खात्री आहे का?' पडद्यानं विचारलं. दिवसातून पन्नासदा तो हेच विचारायचा. बाईंनी न वाचताच 'हो' म्हटलं.

यादी कोरी झाली. वरच्या टोकाला 'सर्व निवडा'ची खूण आधीपासूनच पडलेली होती. एकसष्टच्या एकसष्ट पेपर गेले.

"अहो, इकडे या हो!" त्यांचा आवाज इतका चिरका निघाला की हेमंतराव दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून धावत आले.

मदत विभागातल्या माणसानं फोनवर शांतपणे सांगितलं, जुनी प्रत सॉफ्टवेअर कंपनीकडे असते, मिळायला पंधरा दिवस लागतील. निकाल तर शुक्रवारी द्यायचा होता. दुसरा मार्ग नव्हता. बाईंनी सगळ्यांना लिहिलं, 'चूक माझी आहे. परीक्षा पुन्हा द्यावी लागेल.' उत्तरादाखल जे आलं ते त्यांनी दोनदा वाचलं नाही.

फेरपरीक्षेत शंपाला एकवीस मिळाले. तिनं आनंदानं फोन केला. बाई "छान, छान" म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष दुसऱ्याच नावावर होतं. अग्निमित्र पालला पहिल्या वेळी तीसपैकी अठ्ठावीस होते, आता एकोणीस. त्यानं जुन्या गुणांचा फोटो काढून ठेवला होता. तो घेऊन बाई प्राचार्यांकडे गेल्या.

"दोन्हींतले जास्त गुण धरू या, सर. पुरावा आहे."

"मॅडम, सिस्टीममध्ये आहेत तेच गुण. फोटोवर कसे देणार?"

"पण चूक माझी आहे, त्याची नाही!"

"म्हणून तर तुमच्यासाठी प्रशिक्षण ठेवलंय," प्राचार्य म्हणाले. "ऑनलाइनच आहे."

संताप गिळून बाई बाहेर आल्या. त्यांनी अग्निमित्रला स्वतः फोन केला आणि जे घडलं ते सांगितलं.

"माझं काय चुकलं, मॅडम?" त्यानं विचारलं.

"काही नाही चुकलं रे," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या तासाला तो हजर होता. पूर्वी प्रश्न टाकला की सगळ्यात आधी त्याचाच आवाज यायचा. त्या दिवशी बाईंनी तीन प्रश्न विचारले, तिन्ही वेळा थांबल्या आणि शेवटी उत्तरं स्वतःच देऊन पुढच्या पानावर गेल्या.