दुखवट्याच्या घरात हळू गाणं

परदेशातले काही बँड नाताळची गाणी इतकी हळू म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाळ जन्मायचं पुढच्या वर्षावर गेलं. एक गिटार, एक दबका आवाज, मध्ये भरपूर शांतता. मला ती गाणी जीव की प्राण. जळगावात मेहरूण तलावाजवळच्या एका खोलीत मी आणि माझा मित्र दर रविवारी तशीच वाजवतो. गिटार माझी, छोटा कीबोर्ड त्याचा, गाते मीच. घरमालकीण जिन्यातून विचारते, "झालं का गं तुमचं रडगाणं?" विचारू दे. ज्याला कळतं त्याला कळतं.

मित्र धुळ्याचा, ख्रिस्ती घरातला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याचे वडील, आमचे काका, गेले. त्याची आई म्हणजे आमच्या काकू, निवृत्त नर्स. चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या पुढे उभं राहण्यात त्यांचा जन्म गेलेला, पण त्यांनी गाणंच सोडलं. त्या वर्षी नाताळ आला तरी दारात चांदणी नाही, गॅसवर कढई नाही. घरोघर गात फिरणाऱ्या कॅरोलवाल्यांनाही निरोप धाडला, यंदा आमचं घर वगळा. मित्र हवालदिल. "आई परत गायलीच नाही तर?" एवढंच म्हणत राहायचा.

मी म्हटलं, अरे, आपली गाणी आहेत की. दुःखातल्या माणसाला ढोलकी कशाला, असं हळूच काहीतरी हवं. स्वतःच्या अकलेवर मी भलतीच खूश होते. काकूंच्या चर्चमधलं येशूजन्माचं एक जुनं गाणं घेतलं, पंधरा दिवस घासून घासून हळू केलं, आणि चोवीस तारखेला दुपारी आम्ही बसने धुळ्याला पोचलो.

काकू स्वयंपाकघरात ताट घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होत्या. आम्ही स्टुलं ओढून बसलो आणि सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला त्यांचे हात थांबले. मला वाटलं, भिडलं. मी डोळे मिटून आणखी हळू झाले.

"हाई काय शे?" काकू म्हणाल्या. चिडल्या की त्या अहिराणीवर येतात. मग मला नीट कळावं म्हणून मराठीत, "अगं, हे काय? जन्मलेलं बाळ रडतं. बाकीच्यांनी पेढे वाटायचे असतात. तुमच्याकडे दुखवटा काढायला असेच जातात का?"

आमच्या शेतकरी घरांत कुणी गेलं, की पहिल्या सणाला नातेवाईक गोडधोड घेऊन जातात, त्या घरात कढई चढवून देतात, माणसांना हसवतात, मग तिथला सण सुरू होतो. दुखवटा काढणं ते हेच, मला लहानपणापासून पाठ. आणि मी निघाले होते ती दुखवटाच घेऊन, तोही रिकाम्या हाताने. माझी मलाच लाज वाटली.

"हं, धर आता," म्हणत काकूंनी ताटाच्या कडेवर ठेका धरला आणि तेच गाणं असं पळवलं, की माझी गिटार धापा टाकायला लागली. मी चुकत होते आणि हसत होते. खरं सांगते, इतकी मजा मला आमच्या एकाही रविवारी आली नव्हती.

मग एक ओळ आली. ती खालच्या पट्टीत पुरुषांनी म्हणायची, घरात काका म्हणायचे. ठेका थांबला. काकू ताटाकडे बघत राहिल्या. तेवढ्यात माझ्या मित्राने, ज्याला मी कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं, ती ओळ म्हटली. बेसूर म्हटली, पण शेवटपर्यंत म्हटली.

पुढची ओळ काकूंची होती. ती त्यांनी रडत म्हटली, पण ठेका सोडला नाही. गाणं संपल्यावर पदराने तोंड पुसलं, उठल्या आणि गॅसवर कढई ठेवली.

"त्या कॅरोलवाल्यांना फोन कर," मुलाला म्हणाल्या. "या म्हणावं. सातच्या आत नको, शंकरपाळे तळायचेत. आणि सांग, खालच्या आवाजाला आमच्या घरचा माणूस आहे."