दुसरा आवाज

मामा गेल्याचं कळलं तेव्हा मी शिडीवर होतो. ताईचा फोन. "मामा पहाटं गेले... तू निगू नको, पोचायचा न्हाईस." खाली उतरलो आणि समोरच्या खांबावर हात ठेवून उभा राहिलो. त्या खांबाबद्दल मामा चार दिवसांपूर्वी जे बोलले होते, ते मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

याला सहा आठवडे झाले. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात, रुआन शहरात मी जुन्या घरांच्या दुरुस्तीवर मदतनीस आहे. हे घर पाचेकशे वर्षांचं, लाकडी सांगाड्याचं, गल्लीकडं झुकलेलं. सरकारनं जपलेलं, म्हणून खिळा मारायलाही परवानगी लागते. मी शिरूर कासारचा, शाळा सातवीत सुटली. आईबाप ऊसतोडीला निघाले तेव्हा आसरुबामामांनी मला कोयत्यावर जाऊ दिलं नाही; आपल्या गावी नेकनूरला नेलं, हातात रंधा दिला. आज खातो ते त्यांचंच.

मामा सुतार, आणि जन्माचे संशयी. सोयरीक बघायला गेले तरी आधी दाराची चौकट वाजवायचे, मग चहा. लाकूड बोटाच्या पेरानं ठोकायचं ते दोनदाच. "पहिला आवाज मान्साला फशिवतो. दुसरा खरा."

या घराचा फोटो पाठवला तर म्हणाले, "लेका, आसलं वाकडं घर ठिवलंय कावून? एजंटानं फशिवलं तुला. फोन खांबाला लाव, वाजीव." वाजवलं. "परत." परत वाजवलं. "आतून पोकळ हाय. मुकादमाला सांग."

मला इथली भाषा तुटकी येते. इथल्या जाणकारांनी तपासलेल्या खांबाला मी पोकळ म्हणायचं, तेही नेकनूरहून फोनवर ऐकून? कामावरून काढलं तर? मामांनी ते ओळखलं. "दुष्काळात सोसायटीच्या गोदामात छावणीची जनावरं बांधलती. तुळई पोकळ वाजली. चेरमन म्हनला, मिस्त्री, तुला शंकाच लई. माजेबी बैल तितंच, चारा बंद हुईल म्हून मी गप बसलो. तुळई पडली ती शेजाऱ्याच्या बैलावर. त्यानं मला कदी काय इचारलं न्हाई... तू बोल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "सांगितलंस?"

"हो मामा."

"परत म्हन."

"सांगितलं, मामा."

त्यांनी फोन ठेवला. आमचं शेवटचं बोलणं ते.

ताईचा फोन आला त्या दिवशी मी मुकादमाला दंडाला धरून खांबापाशी नेलं. वाजवलं, नाही अशी मान हलवली. तो हसला. मग माझ्या समाधानासाठी बारीक गिरमिट घातलं, आणि पिठासारखा भुगा त्याच्या बुटांवर सांडत राहिला. हसू गेलं त्याचं.

आता परवानगी मिळून तिथं नवा ओकचा तुकडा जोडलाय. काल मुकादमानं त्यावर थाप मारली, अंगठा दाखवला आणि सगळे जेवायला गेले. मी मागं राहिलो. वाजवलं, चांगलं भरीव वाजलं.

परत वाजवलं.