सीट कव्हरखाली गेलेल्या एअरबॅगा

लेकीला निफाडजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये माल तपासण्याची नोकरी लागली आणि गाडी घ्यायची ठरली. नाशिकहून रोजचं जाणं-येणं. त्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, त्यांना मागे दिवा नसतो. मी वहीत यादी केली. सहा एअरबॅगा, सगळ्या सीटना नीट पट्टे, टक्कर चाचणीत चांगले तारे. रंग सगळ्यात शेवटी.

नवऱ्याने यादी वाचली. "दोन एअरबॅगा पुरेत की. विमान चालवायचंय का तिला?"

त्याला जीवाचा मुद्दा पटत नाही, फायद्याचा पटतो. म्हणून मी सांगितलं, सुरक्षित गाडीला विम्यात सूट मिळते. एका वेबसाइटवर वाचलं होतं. ती वेबसाइट कुठल्या देशाची, ते बघितलं नव्हतं. दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा बघणारी मी, इथेच चुकले. पण गाडी माझ्या यादीतली आली.

मग विमा एजंट घरी आला. नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. मी सवलतीचं विचारलं, तर तो हसलाच.

"वहिनी, ते तिकडे परदेशात. आपल्याकडे एअरबॅगला सूट नाही."

"मग कशाला आहे?"

"चोरी होऊ नये म्हणून मान्यता असलेलं यंत्र बसवा, त्याला आहे. थोडीच आहे, पण आहे."

"म्हणजे गाडी जाऊ नये याची काळजी घेतली तर सूट, माणूस जाऊ नये याची घेतली तर काही नाही?"

"माणसासाठी अपघात विमा आहे ना वेगळा."

"तो मेल्यावरचा."

"अभद्र नका बोलू वहिनी. खरं सांगू का, एअरबॅगा फुटल्या की दुरुस्तीचा क्लेम मोठा होतो. कंपनीच्या हिशेबात तो खर्चच." एवढं बोलून त्याने बिस्किट चहात बुडवलं.

नवरा म्हणाला, "घ्या बाईसाहेब, लिहा वहीत."

मी आत गेले आणि कुकर लावला. झाकण एवढं जोरात आपटलं की बाहेरचं हसणं थांबलं.

पुढच्या रविवारी नवरा गाडी घेऊन द्वारका चौकातल्या कव्हरांच्या दुकानात गेला आणि दुपारी विजयी चेहऱ्याने परत आला. सगळ्या सीटना जाड, तपकिरी, घट्ट कव्हरं चढवली होती. आमच्याकडे नवी वस्तू उघडी ठेवत नाहीत. फ्रीजच्या मुठीला झबलं, रिमोटला प्लास्टिक, सोफ्यावर चादर आणि चादर मळू नये म्हणून तिच्यावर टॉवेल.

मी दार उघडून सीटची कड चाचपली. तिथे एअरबॅग असल्याची छोटी पट्टी शिवलेली होती. ती कव्हराखाली गेली होती. बाजूच्या एअरबॅगा पुढच्या सीटमधूनच उघडतात, सीटला असली कव्हरं घालू नका, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. मी ते पान काढून नवऱ्यासमोर धरलं.

"दुकानदार म्हणाला, सगळे घालतात."

"दुकानदार बसणार आहे का तिच्या जागेवर?"

"अगं, सीट खराब होतील. विकताना भाव येत नाही."

एकाला दुरुस्तीचा खर्च दिसतो, दुसऱ्याला विक्रीचा भाव. आत कोण बसणार आहे, हे दोघांच्याही डोक्यात नाही. मी तसं बोलले, बरंच मोठ्याने. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या काकू आत निघून गेल्या.

आणि त्याच वेळी मला पट्ट्याच्या खाचेत ती क्लिप दिसली. नुसती लोखंडी जीभ, पट्टा नसलेली. ती खुपसली की गाडीला वाटतं पट्टा लावलाय, आणि पट्टा लावा म्हणून वाजणारी पिपाणी बंद होते.

"ही कोणी आणली?"

लेक म्हणाली, "मीच सांगितली बाबांना. पट्ट्याने इस्त्री मोडते आई. ऑफिसात सगळ्यांकडे आहे."

आता मात्र माझं डोकं फिरलं. एजंट परका, दुकानदार परका. पण जिच्यासाठी मी सगळ्यांशी भांडत होते, तीच गाडीला फसवायला निघाली होती. पट्टा नसेल तर एअरबॅगच तोंडावर आदळते, हे मी तिला तीनदा वाचून दाखवलं होतं. मी क्लिप उपटली, गाडीची चावी काढून कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

"कव्हरं निघेपर्यंत एसटीने जा."

दोन दिवस ती एसटीने गेली. माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने पुढच्या दोन सीटची कव्हरं स्वतः काढली आणि घडी घालून जपून माळ्यावर ठेवली. फेकली नाहीत.

चौथ्या दिवशी मी तिच्या शेजारी बसून निफाडला निघाले. माझा भरवसा उडाला होता. दोघींनी पट्टे लावले. सायखेडा फाट्याच्या अलीकडे एक ट्रॅक्टर शेतातून न बघता सरळ रस्त्यावर आला. लेकीने करकचून ब्रेक दाबला. पट्टा माझ्या खांद्यात रुतला. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. ट्रॅक्टरवाल्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

"हळू चालवत होते मी," ती म्हणाली.

"माहितीय. चल."

पॅकहाऊसच्या फाटकात मी उतरले आणि एसटीने परत आले. खांदा संध्याकाळपर्यंत दुखत होता. नवऱ्याने विचारलं, कशी चालवते? मी म्हटलं, बरी. ट्रॅक्टरचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, बघ, काही झालं का? एअरबॅगची गरज पडली का?