ताट धुतलेलं पाणी

“हार्ट फेल्युअर,” डॉक्टर म्हणाले आणि मला वाटलं, संपलंच सगळं. मग त्यांनी समजावलं. हृदय बंद पडलेलं नाही, त्याची ताकद कमी झाली आहे. अंगात पाणी साठतं, म्हणून पाय सुजतात, धाप लागते. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दिवसाकाठी दीड लिटरच पाणी, मीठ कमी आणि रोज सकाळी वजन.

मी बाटलीत मोजून पाणी भरू लागले. चहा, ताक, वरण, सगळं त्यातच धरायचं. आमच्या मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात, कुणी यांना चहाला थांबवलं तर मी डोळे वटारायची. तरी वजन वाढायचंच. एका सकाळी बसल्या बसल्या धाप लागली आणि पुन्हा भरती.

“दीदी, पानी नापकर दे रही हैं न?” डॉक्टरांनी विचारलं. मला रडूच फुटलं.

हे चोरून पितात की काय? घरी आल्यावर मी कपाटामागेसुद्धा बघितलं.

चोर पकडला भिलाईहून आलेल्या मुलीने. दुपारी जेवणं झाली आणि ती ओरडली, “मम्मी, पापा ने अभी आधा लोटा पी लिया!”

यांनी नेहमीसारखं बोटांनी ताट निपटलं, हात धुवायच्या तांब्यातलं पाणी त्यात ओतलं, वाटी विसळली आणि ताट तोंडाला लावलं. सासूबाईंनी लहानपणी लावलेलं वळण. मोरीत शीत जाता कामा नये. इतकी वर्षं रोज बघून मला ते दिसेनासंच झालं होतं.

“अहो, हे पाणी काहून प्याले?”

“हे पाणी थोडीच आहे? हे तर जेवण होय.”

ते खोटं बोलत नव्हते.

“यही एक वजह नहीं होगी, पर इसे बंद कीजिए,” डॉक्टर म्हणाले. बंद कसं करायचं? सांगितलं की हे “हव” म्हणायचे आणि हात आपसूक तांब्याकडे जायचा. जित्याची खोड म्हणतात ती हीच. म्हण पुरी करायची मला हिंमत होत नाही.

शेवटी सदर बाजारातून पत्रावळी आणल्या. धुऊन पिणार काय? हळूहळू वजन उतरलं, सूज ओसरली. तुमच्याही घरी असं दुखणं असेल तर माणूस काय खातो एवढंच बघू नका, जेवण संपवतो कसं तेही बघा.

पण जेवण झाल्यावर हे पत्रावळीसमोर बसूनच राहतात. “पोट भरलं,” म्हणतात, “पण उठवून नाही राहिलं.”

परवा हळूच विचारलं, “आईले राग नाही ना येणार?”

सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली.

“आला तर माह्यावर येऊ द्या,” मी म्हणाले. “तुम्ही उठा.”