सासऱ्यांच्या अंगणातला मेपल

लग्नानंतर आम्ही नवरा-बायको नाशिक रोडला सासऱ्यांच्या मागच्या खोलीत राहत होतो, आणि मला तिथून काढायला सासरे निमित्त शोधत होते. ते मीच पिकवून दिलं.

थोरला मेव्हणा अमेरिकेत. त्यानं त्याच्या दारातल्या मेपलच्या बिया पाठवल्या. ज्याच्या रसाचा तिकडे पाक करतात, तो मेपल. जेवताना मी बोलून गेलो, "झाडांचं मला कळतं."

सासऱ्यांचा घास थांबला. "मग लावा, जावईबापू. पोराच्या दारातलं झाड माझ्या दारात जगलं, तर खोली तुमची. नाही जगलं, तर दुसरी बघा."

मेपलच्या बीला पातळ पंख असतो. मी तो टरफल समजून खुडला. मग बाभळीच्या बियांना देतात तसा उकळत्या पाण्याचा चटका दिला, कुंडीत शेणखत घालून पेरलं आणि पाऊस लागताच रोज तिच्यापुढे उकिडवा बसू लागलो. बायकोला दिवस गेले होते. ती ओकाऱ्यांनी बेजार, आणि मी कोंब शोधतोय.

एकच आला. तांबडा, पंजासारख्या पानांचा! अमेरिकेच्या कॅलेंडरवरच्या लालभडक मेपलशी ताडून पाहिला. जुळला. म्हणजे मी जुळवला.

सासूबाई म्हणाल्या, "मला तर एरंड दिसतोय."

"अमेरिकेत एरंड उगवतो होय गं? गप बस," सासरे खेकसले. मीही हसलो, चांगला मोठ्यानं.

झाड अंगणात लावलं. दसऱ्यापर्यंत माझ्या डोक्यावर गेलं. सासऱ्यांनी कॉलनी गोळा करून दाखवलं.

दिवाळीला मेव्हणा आला. झाडाला काटेरी बोंडांचे घोस लागले होते. तो बघत राहिला आणि मटकन पायरीवर बसला. मला वाटलं, गहिवरला. तो हसत होता.

"दाजी, एरंड आहे हा! खतातून आला असणार."

"पण लाल आहे."

"लाल एरंड! मेपल थंडीच्या तोंडावर लाल होतो, जन्मतः नाही. आणि त्याची पानं समोरासमोर जोडीनं येतात. ही बघा, एकाआड एक. मेपलचं बी महिनोन्‌महिने गारठ्यात पडून राहतं, तेव्हा रुजतं. तुम्ही काय केलंत?"

"उकळतं पाणी घातलं."

घर हसलं. बायकोसुद्धा, पोट धरून. सासरे तेवढे हसले नाहीत. मी एरंड उपटायला धावलो, तर म्हणाले, "राहू द्या. आल्यागेल्याला दाखवायला होईल." आणि दाखवलाही. "या, आमच्या जावयांचं अमेरिकन झाड बघा."

भाऊबीज झाल्यावर मी ट्रंक भरली. बायको साड्यांच्या घड्या घालू लागली, तसे सासरे दारात आले.

"तिचं राहू द्या. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. तुम्ही तुमचं बघा."

मी बायकोकडे पाहिलं. तिनं साडी परत कपाटात ठेवली.

अंबडला माझ्या कारखान्याजवळ तिघांत एक खोली मिळाली. दर रविवारी बायकोला भेटायला जायचो. आणि थाट काय सांगू! घरात होतो तेव्हा मला पिठाच्या गिरणीवर पिटाळणारे सासरे आता पाट मांडायला लावत, भोवती रांगोळी, पानात आग्रहाचं श्रीखंड. जावई म्हणून पहिल्यांदाच शोभलो. बायको वाढायला यायची. "अजून थोडं?" एवढंच आमचं बोलणं. हात धुऊन येईस्तोवर सासरे माझ्या चपला दाराकडे तोंड करून नीट मांडून ठेवत.

"निघा, जावईबापू. बस चुकेल."