केडगाव-रांजणगाव बसमधल्या आम्ही

केडगावहून रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आम्ही बहुतेक बायकाच. जाताना डोळ्यांवर झोप असते, येताना तोंडं सुटतात. मुद्दाम कुणी सांगत नाही, तरी जुन्या पर्समध्ये सेफ्टी पिना साचाव्यात तसे किस्से साचत जातात.

* * *

शबानाभाभी आमची लाइन लीडर. वरच्या ओठावर चांगली ठळक लव. नव्या ट्रेनी पोरीनं जेवताना हळूच सुचवलं, "भाभी, थ्रेडिंगला काही वेळ लागत नाही."

भाभींनी डबा बंद केला. "अब्बांची मिशी हाय ती. माझ्या एकाबी भावाला धड आली न्हाई. मग मीच सांभाळली."

पोरगी तेव्हापासून भाभींच्या शेजारीच जेवते.

* * *

महिला दिनाला मेसेज आला : सर्वांनी गुलाबी साडी नेसावी, ग्रुप फोटो आहे. फोर्कलिफ्ट चालवणारी सुनीता नेहमीच्या निळ्या ड्रेसवर, सेफ्टी शूज घालून आली.

फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, तुम्ही जरा मागं राहा."

"ऱ्हाते की." तिनं फोर्कलिफ्ट आणून आमच्या मागं लावली आणि सीटवर जाऊन बसली.

फोटो नोटीस बोर्डावर आहे. त्यात आधी तीच दिसते.

* * *

मंगलताईंनी केस रंगवणं सोडलं. नवरा कुरकुरला, "लोक तुला माझी थोरली बहीण म्हणत्याल."

"म्हणू द्या. राखीला ओवाळणी तयार ठेवा."

* * *

पॅकिंगमधल्या रोहिणीला बघायला पाहुणे आले. मुलगा तिला आवडला होता. निघताना त्याच्या आईनं गोरं होण्याच्या क्रीमची ट्यूब तिच्या हातात ठेवली. "लग्नापतूर लाव. फोटोत फरक पडतो."

मुलगा रोहिणीपेक्षा सावळा. तिनं ट्यूब परत दिली. "घरी यांच्यावर लावून बघा. फरक पडला तर कळवा."

त्यांनी कळवलं नाही. रोहिणी बरेच दिवस बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसायची. मग एकदा आपणहून म्हणाली, "पोरगा चांगला व्हता गं. पण एक शब्द बोलला न्हाई."

* * *

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या घरी होतं. बसमधली वैशाली त्या आठवड्यात सेकंड शिफ्टला, म्हणून ती येणार नव्हती. संध्याकाळी दारात तिचा नवरा दत्ता उभा. पाटसच्या साखर कारखान्यात काम करणारा दणकट गडी.

"काय झालं भावजी?" मी घाबरूनच विचारलं.

"काय न्हाई. ती ड्युटीवर हाय. म्हणाली, वहिनींनी एवढं बोलावलंय, घरातून कुणीतरी जायला पायजे. म्हणून आलो."

एकदोघी हसल्या. तो कानापर्यंत लाल झाला, पण चपला काढून सतरंजीवर येऊन बसला.

माझे सासरे वारल्यापासून सासूबाई हळदीकुंकवाला आतल्या खोलीत, दार लोटून बसतात. आम्ही त्यांना कितीदा बाहेर बोलावलं, त्या कधी आल्या नाहीत. त्या दिवशी दार उघडलं. त्यांनी दत्ताकडं पाहिलं, मग बायकांकडं.

"सरक जरा, दत्ता," त्या म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसल्या.

मी करंडा घेऊन दोघांपुढं बसले.

"आधी त्याला लाव," सासूबाई म्हणाल्या. "पाव्हणा हाय."